भर उन्हाळ्यात बकऱ्या-बोकड गाडीनं पाठवताय? आधी हे क्रमानं करा

मे महिना लागला की मला तेच तेच फोन येणं सुरू होतं. "भाऊ, बोकड गाडीतून उतरवला अन् बसला, आता उठूनच नाही राहिला." "दोन खाली दबून मेले." "व्यापारी म्हणते तुमचा मालच कमजोर होता." अन् मग प्रश्न एकच, कोणतं इंजेक्शन मारू. अहो तिथं इंजेक्शनचा विषयच राहिलेला नसतो, चूक आदल्या दिवशी आपल्याच कोठ्यात (गोठ्यात) होऊन गेलेली असते.

आपल्याकडं कामाचा क्रमच उलटा आहे. आधी गाडीवाल्याला फोन, मग दलाल येऊन बोटानं दाखवणार हा दे, तो दे, मग वजन दिसावं म्हणून घाईघाईत ढेप (पेंड) चारायची, मग कान-शिंग-पाय जे हाती येईल ते धरून वर फेकायचं आणि कागदाचं नाव निघतं ते थेट नाक्यावर पोलिसानं हात दाखवल्यावर. त्यात सध्या बकरी ईद मे-जूनमध्ये येते, म्हणजे नेमकी नवतप्याच्या (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या) आगंमागं, पारा ४५ च्या वर असताना आपले बोकड सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लांब जातात. म्हणून हे सगळं लिहून काढतोय, बकऱ्या सांभाळणाऱ्या बायांनी पण वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या कारण बऱ्याच घरात जनावर ओळखणाऱ्या त्याच असतात आणि सौद्याच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही.

१. आठ दिवस आधी: कोण जाणार, कोण घरी राहणार

पहिली निवड तुम्ही करा, दलालानं नाही. घरी राहणारे हे: शेवटच्या महिन्यातली गाभण बकरी (पाच महिन्यांचा गर्भकाळ धरा, तारीख लिहिलेली नसेल तर कासेवरून अंदाज घ्या), नुकतीच व्यायलेली, दूध पिणारं पिल्लू, ढाळ लागलेलं, डोळे आलेलं, नाक वाहणारं आणि लंगडणारं. लंगडणाऱ्यावर लोकं हमखास वाद घालतात, "थोडंसंच लंगडते". गाडी वळली-थांबली की जनावर चारी पायांवर तोल सांभाळत असतं, तासन् तास. तीन पायांवरचं जनावर पहिल्या दोन तासात खाली बसतं आणि गर्दीत बसलेलं जनावर म्हणजे तुडवलेलं जनावर.

साधी परीक्षा सांगतो. अंगणात कडक जमिनीवर वीस पावलं एकटं चालवा, ओढू नका, मागून नुसता हात दाखवा. डोकं प्रत्येक पावलाला खाली जात असेल तर पाय दुखतोय. मग ताप बघा, बकरीचं साधारण १०२-१०३ फॅरनहाइट असतं, त्याच्या बरंच वर असेल तर ते जनावर या खेपेला नाही.

पीपीआरची लस (बकऱ्यांचा प्लेग) निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही फायदा नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. ज्यांची राहिली त्यांनी पुढच्या खेपेसाठी आत्ताच टोचून घ्या.

आणि एक गोष्ट जी कोणीच करत नाही. तीन घरचे बोकड एका गाडीत जाणार असतील तर चार दिवस आधी एकाच कोठ्यात आणा. अनोळखी बोकड टकरा घेणारच, त्या टकरा कोठ्यात होऊन जाऊ द्या, चालत्या गाडीत नको.

२. सौदा करताना विचारायचे प्रश्न

"पैसे मोजून घेतले, आता आपलं काय" ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे.

पाच-सहा वर्षं झाली. छोट्या हत्तीत (टाटा एस गाडीत) १९ बोकड भरू दिले मी, व्यापारी म्हणाला म्हणून. वरून ताडपत्री आवळून बांधली. गाडीसोबत मी पण निघालो कारण मला पुढं काम होतं. दारव्ह्याहून कारंज्याकडं जाताना दुपारी बारा-साडेबाराला ड्रायव्हरनं ढाब्यावर गाडी लावली, आम्ही जेवलो, चाळीस मिनिटं गेली असतील. परत येऊन फाळका (गाडीची मागची फळी) खाली केला तर आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. केबिनला लागून असलेले दोन मेलेले. तिसरा टोंगळे (गुडघे) टेकून, मान आखूड दोरीनं वर ओढलेली, जीभ बाहेर, निळसर झालेली आणि त्याचे डोळे माझ्याकडं. त्याची दोरी मी कापली पण तो दहा मिनिटांत गेला. पैसे माझ्या खिशात होते. त्या दिवसापासून मी सौद्याच्या आधी हे विचारतो:

माल शेवटी उतरणार कुठं? रस्त्यात किती तास? दिवसा कुठं थांबणार, तिथं सावली-पाणी आहे का? गाडीत किती भरणार, आकडा सांगा? ड्रायव्हरशिवाय सोबत माणूस कोण? वाटेत मेला तर कोणाचा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "तुम्हाले पैसे भेटले ना, मग कायले टेन्शन घेता" असं उत्तर आलं तर त्या माणसाच्या हिशोबात एक-दोन मरण आधीच धरलेलं आहे. मी अशा ठिकाणी देत नाही, भाव दोनशे रुपये जास्त असला तरी देत नाही. उलट जो व्यापारी "इतकेच भरीन, उतरल्यावर मोजू, मग बाकीचे पैसे" म्हणतो त्याला दोन दिवस उशिरा का होईना पण देतो, कारण तिथं दोघांचाही जीव त्या जनावरात अडकलेला असतो.

आता "माल बाहेर जाते, आखातात, भाव चांगला आहे" असं सांगणारे येतात त्यांच्याबद्दल. २०१८ च्या जूनअखेरीस आपल्या नागपूर विमानतळावरूनच शारजाहला बकऱ्या-मेंढ्या पाठवायचा कार्यक्रम ठरला होता, विरोध झाला आणि ऐनवेळी रद्द झाला. तेव्हा खूप जणांना वाटलं शेतकऱ्याच्या तोंडचा घास गेला. मला पण भावाचं दुखणं कळतं, कापूस-सोयाबीन बुडाल्यावर बकरीच घर चालवते. पण जिवंत जनावर समुद्रापार पाठवायला माझा सरळ विरोध आहे आणि त्याचं कारण भावनेचं नाही, जनावराच्या शरीराचं आहे.

बकरी-मेंढी धापा टाकून अंग थंड करते, तोंडातला ओलावा उडतो आणि उष्णता घेऊन जातो. आपल्याकडची हवा मे मध्ये कोरडी, म्हणून ४५ मध्ये सावलीला जनावर कसंबसं तग धरतं. समुद्रावर हवाच दमट, त्यात जहाजाच्या बंद मजल्यावर मुता-लेंड्यांची वाफ, तिथं ओलावा उडायलाच जागा नाही, धापा टाकून टाकून जनावर आतून शिजतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाहून आखाताकडं गेलेल्या अवासी एक्सप्रेस जहाजावर अशाच उकाड्यानं सुमारे २४०० मेंढ्या मेल्या, तिकडं हिवाळा होता आणि त्या थेट उन्हाळ्यात गेल्या. शिवाय कधी न खाल्लेलं गोळीखाद्य समोर आलं की काही जनावरं खाणंच सोडतात. आपली बेरारी बकरी बाभळीच्या शेंगा अन् तुरीच्या कुटारावर (भुशावर) वाढलेली, ती तिथं काय करेल. रस्त्यावर चुकलं तर गाडी थांबवून उतरवता तरी येतं. समुद्रात कुठं उतरवणार?

न्यूझीलंडनं २०२३ च्या ३० एप्रिलपासून समुद्रमार्गे जिवंत गुरं पाठवणं बंद केलं, ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं १ मे २०२८ पासून बंद होणार असा कायदा झाला. हे देश काही गरीब नाहीत आणि मटण खाणं पण सोडलेलं नाही त्यांनी. जिथं खाण्यासाठीच जनावर पाळलं तिथं त्याचा शेवट गावाच्या जवळच्या कत्तलखान्यात, ताजं असताना, कमी वेळात व्हावा आणि पुढचा लांबचा प्रवास बर्फातल्या मटणानं करावा, एवढंच माझं म्हणणं. म्हणून "माल बाहेर जाते" ऐकलं की विचारा, जिवंत की कापून?

३. कागद

लवकर आटपतो. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत बकऱ्या-मेंढ्यांच्या सहा तासांच्या वरच्या प्रवासासाठी वेगळं प्रकरण आहे आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो की जनावर प्रवासाला फिट आहे, रोगी नाही. दाखला गाडीसोबत पाहिजे, घरी कपाटात नाही. कानातला १२ अंकी बिल्ला तपासा, नंबर दाखल्यावर तोच आहे का बघा. बाजारातून घेतलं असेल तर बाजार समितीची पावती. डॉक्टर जनावर न पाहता सही करून देत असतील तर आपलंच नुकसान आहे, त्यांना कोठ्यात बोलवा, चहा पाजा, प्रत्येक बोकड दाखवा.

बैल-गोऱ्हे नेणारे वेगळं लक्षात ठेवा: २०१५ पासून महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, कत्तलीसाठी नेणं पण गुन्हा. शेतीसाठी नेत असाल तर तसा पुरावा जवळ ठेवा.

४. गाडी: टेप घेऊन मोजा

"छोट्या हत्तीत वीस आरामात बसते" हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं कधी मोजलं नाही. मोटार वाहन नियमांत प्रत्येक बकरी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा धरलेली आहे, म्हणजे साधारण ३.२ चौरस फूट. आता डाल्याची (गाडीच्या मागच्या हौद्याची) आतली लांबी-रुंदी मोजा. समजा ७ फूट बाय ५ फूट निघाली, झाले ३५ चौरस फूट, भागिले ३.२, दहा बोकड. वीस नाही. पिकअपचा डाला ८.५ बाय ५.५ निघाला तर चौदा. मोठ्या साडेचार-पाच टनी गाडीत सुद्धा १९७८ च्या नियमांप्रमाणं ४० च्या वर नाही.

काही जण म्हणतात दाटीवाटीनं भरले की पडत नाहीत, एकमेकांच्या आधारानं उभे राहतात. खोटं आहे ते. दाटीत पडलेला परत उठू शकत नाही, एवढाच फरक. पडू नये म्हणून आडवे कप्पे करा, दर दोन-तीन मीटरला बांबू किंवा फळी. बोकड आणि बकऱ्या वेगळ्या कप्प्यात, मोठ्या शिंगाचे वेगळे.

खाली पत्रा उघडा ठेवू नका. त्यावर मुतलं की घसरतं आणि उन्हात तापतं. दुपारी उभ्या गाडीच्या पत्र्यावर स्वतःचा तळहात टेकवून दहापर्यंत मोजा, नाही जमणार. तणस किंवा कुटार किमान ५ सेंटिमीटर, त्याखाली जुनं पोतं अंथरलं तर अजून चांगलं.

सावध: आपल्याकडं याच गाड्या युरियाच्या बोऱ्या आणि फवारणीची औषधं वाहतात. कोपऱ्यात सांडलेला युरिया बकरी मिठासारखा चाटते आणि फुगून, थरथरून मरते. आधी झाडा, मग पाण्यानं धुवा, मग वाळवा. ड्रायव्हर म्हणेल धुतली आहे. तरी फळीच्या फटीत बोट फिरवून बघा.

वरचं छत: ताडपत्री गच्च बांधायची नाही. बांबूचा सांगाडा करून बोकडाच्या डोक्याच्या वर हात-दीड हात अंतर सोडून ग्रीन नेट लावा, बाजू उघड्या. केबिनला लागूनचा कोपरा सगळ्यात वाईट, तिथं वारा पोचत नाही, माझे दोघं तिथंच गेले. तिथं सगळ्यात धडधाकट जनावर ठेवा किंवा तेवढी जागा रिकामी सोडून पाण्याचे कॅन ठेवा.

५. आदला दिवस: चारा-पाणी

वजन भरावं म्हणून आदल्या रात्री ढेप, कणीक, धान्य, मीठ-पाणी पाजणं बंद करा. अंगात चढत नाही ते, पोटात आंबतं, पोट फुगतं आणि गाडीच्या हादऱ्यात ते जनावर श्वासाला महाग होतं. रोजचा चारा द्या, त्यातही तुरीचं कुटार, गवत असं कोरडं जास्त, हिरवा लसलशीत चारा कमी. पाणी मात्र चढवायच्या मिनिटापर्यंत समोर पाहिजे. "पाणी पाजलं तर गाडीत मुतते" म्हणून पाणी तोडणारे आहेत आपल्यात, त्यांना हात जोडून सांगतो, मुतू द्या, त्याच्यासाठीच खाली कुटार अंथरलंय.

तपासा: निघताना प्रत्येकाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली तर ठीक, दुमडलेली राहिली तर आधीच पाणी कमी आहे, तो पाणी पिऊन सुधारल्याशिवाय चढवायचा नाही.

६. चढवणं: धुऱ्याला गाडी लावा

रॅम्प नाही म्हणून फेकून चढवतो म्हणतात. अरे बाप्पा, आपल्या शेताला धुरे काऊन आहेत मग? गाडी उलटी घेऊन उंच धुऱ्याला किंवा बांधाला फाळका टेकवा, मधली फट फळीनं झाका, फळीवर पोतं टाका म्हणजे खूर घसरत नाही. फट उघडी राहिली तर त्यात पाय अडकून नळी मोडते, मी पाहिलंय.

कळपात एक म्होरकी बकरी असते, ती आधी न्या, पाल्याचा झुपका दाखवत. बाकीच्या मागून येतात. येत नसतील तर काठी उचलण्याआधी तुम्ही स्वतः वाकून बकरीच्या उंचीवरून आत बघा. आत अंधार आहे? चमकणारी साखळी लोंबतेय? फळीवर उजेडाची पट्टी पडलीय? ते काढा, निम्म्या वेळा जनावर आपणहून चढतं. उचलायचंच झालं तर एक हात छातीखालून, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, अंगाशी धरून. कान, शिंग, शेपूट, एक पाय धरून कधीच नाही. काठीनं टोचणं नाही, शेपटी पिळणं नाही.

पाय बांधायचे नाहीत, नियमातही नाही बसत ते. उडी मारण्याची भीती असेल तर बाजूची जाळी उंच करा. मानेची आखूड दोरी तर सगळ्यात घातक, पडला की फास.

वेळ: संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे पाचच्या आत चढवा. चढवल्यावर पावतीपुस्तक, पान-तंबाखू, उधारीचा हिशोब यात अर्धा तास गाडी उभी ठेवू नका. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त तापते.

७. वाटेत

पहिला थांबा अर्ध्या-पाऊण तासातच घ्या. या वेळात कोण बसलं, कोणाचं शिंग अडकलं हे कळतं. पुढं दर दोन-तीन तासांनी, आणि थांबाल तिथं सावलीतच. नागपूर-मुंबई समृद्धीनं ७०१ किलोमीटर आहे, एका दमात हाणायचा मोह होतो, पण जनावर भरलंय. सकाळी ११ ते दुपारी ४ आरामच. आधी ओळखीचं ठिकाण ठरवून ठेवा, झाडं आणि हापशी किंवा टाकी असलेलं, तिथं उतरवून पाणी-चारा द्या आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढं निघा. एक दिवस जास्त लागतो, ड्रायव्हरचे पैसे वाढतात, ते सौद्यातच धरा.

थांबल्यावर नुसतं वरून डोकावू नका, खाली वाकून पाय मोजा. दहा बोकडांचे चाळीस पाय दिसले पाहिजेत. मग कुशीकडं बघा, १५ सेकंदात किती वेळा हलते, त्याला चारनं गुणा. आरामात मिनिटाला १५ ते ३० असतो श्वास. ६० च्या वर गेला की सावध. तोंड उघडून, जीभ काढून धापा टाकत असेल तर तिथंच गाडी थांबली समजा.

असा बोकड खाली घ्या, सावलीत, वाऱ्यात. डोकं, पोटाखाली, जांघा, पाय यावर साधं पाणी ओतत राहा आणि कशानंतरी वारा घाला. ओला कपडा अंगावर टाकून ठेवू नका, तो गरम होऊन उलट उष्णता धरतो. आणि पडलेल्या जनावराच्या तोंडात बाटलीनं पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं, उन्हातून वाचलेला बोकड चार दिवसांनी न्यूमोनियानं जातो. डोकं स्वतः धरू लागला की समोर पाणी ठेवा, तो पिईल. सोबत १९६२ वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे.

८. उतरवणं आणि नंतर

उतरवतानाही धुरा, ओटा किंवा फळी. वरून ढकललेल्या बोकडाचे पुढचे टोंगळे सुजतात आणि समोरचा व्यापारी लंगडा म्हणून भाव पाडतो. आधी सावली, मग पाणी थोडं थोडं, दहा-पंधरा मिनिटं थांबून परत. लांबच्या प्रवासानंतर एकदम बादलीभर ढोसू देऊ नका. मग कोरडा चारा. धान्य-ढेप त्या दिवशी नाहीच. वजन करायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा, प्रवासात घटलेलं थोडं भरून येतं.

विकत आणलेलं जनावर असेल तर दोन-तीन आठवडे आपल्या कळपापासून वेगळ्या कोठ्यात, भांडं वेगळं, आधी घरच्यांना चारा आणि मग त्याला.

मी एक वही ठेवतो. प्रत्येक खेपेला चार रकाने: चढवले किती, वाटेत बसले किती, उतरले किती, तिसऱ्या दिवशी जिवंत किती. चौथ्या रकान्यासाठी व्यापाऱ्याला फोन करावा लागतो. पहिल्यांदा लोकांना विचित्र वाटलं, एकजण म्हणाला विकलेल्या मालाची चौकशी कोण करते. आता तोच माणूस माझ्या फोनची वाट न बघता स्वतःच आकडा सांगतो, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यानं पिकअपवर नेटचा सांगाडा कायमचा वेल्डिंग करून घेतला.